ट्रायकोमोनास जंतु आणि दांपत्याचें आरोग्य

ज्यांच्या दावणीला चार गाई आहेत त्यांस गाय उलटण्याचा अनुभव नवीन नाहीं. गाय माजावर येते, सांडास दाखविली जाते, मालक दिवस मोजूं लागतो, आणि तीन-चार आठवड्यांनीं ती पुन्हां हंबरूं लागते. सुमारें बावीस वर्षांपूर्वीं आमच्या गांवीं आखरावरच्या निम्म्याअधिक गाईंची अशी गत झाली होती. कांहीं उलटत, कांहीं तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत गाभडत. एकीच्या अंगावरून महिनाभर पू जात होता. लोकांनीं गवतास दोष दिला, गायक्यास दोष दिला, दोघांनीं आपल्या गाई बाजारांत नेऊन मिळेल त्या किमतीस विकल्या. सांडाकडे मात्र कोणीं बोट दाखविलें नाहीं. तो अंगानें भरलेला, तुकतुकीत, वयानें पांच-सहा वर्षांचा, चारा-पाण्यास चोख; त्याला रोग असेल असें म्हणणाऱ्यासच लोक हंसले असते.

पशुवैद्यक अधिकारी आले ते गाईंकडे न जातां थेट सांडाकडे गेले. त्यांनीं त्याच्या लिंगावरील त्वचेच्या पिशवींत मिठाचें निर्जंतुक पाणी सोडून तें परत काढून घेतलें, कांहीं वेळ तें निवळत ठेविलें आणि तळचा एक थेंब कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं धरला. मी कारकून माणूस, पंचनाम्यास उभा राहिल्यासारखा जवळच होतों. त्यांनीं मलाहि डोळा लावावयास सांगितलें. पेरूच्या आकाराचे बारीक जीव त्या थेंबांत झटके देत, वळवळत, हिंडत होते. या जंतूस ट्रायट्रायकोमोनास फीटस असें नांव आहे. तो सांडास कांहींच त्रास देत नाहीं. वय वाढलें म्हणजे सांडाच्या त्या त्वचेच्या घड्या खोल होतात, त्यांत तो कायमचा वस्ती करतो, आणि सांड ज्या ज्या गाईस लागेल तिच्या गर्भाशयांत उतरतो. गाईस काहीं महिने सांडापासून दूर ठेवल्यास बहुधा तिचें शरीर त्याला आपण होऊन हांकून देतें. सांड मात्र त्याचें भांडार होऊन राहतो. आमचा सांड खच्ची करण्यांत आला, गाईंस तीन-चार महिने विश्रांति दिली, पुढें कृत्रिम रेतनाची सोय घेतली, आणि दुसऱ्या वर्षीं वासरें दिसूं लागलीं.

हा वृत्तांत सांगण्याचें कारण गुरांचें नव्हे. याच जंतूचा एक भाऊबंद मनुष्यांत राहतो. गाईचा जंतु माणसास लागत नाहीं व माणसाचा गुरांस लागत नाहीं, हें प्रथमच सांगून ठेवतों, नाहींतर उद्यां कोणी गोठ्यांत जाणेंच सोडील. परंतु दोघांची रीत पुष्कळ अंशीं सारखी आहे, आणि आपण गुरांच्या बाबतींत जें समजून घेतलें तें घरांत समजून घेत नाहीं. शेतकी मासिकांत असा विषय यावा काय, असा कांहीं वाचकांस संकोच वाटेल. मलाहि तो होता. पण सांडाच्या रोगावर आपण चारचौघांत बोलतों आणि घरच्या लक्ष्मीच्या रोगावर एकांतांतहि बोलत नाहीं, ही मर्यादा मला अलीकडे मर्यादा वाटेनाशी झाली आहे.

या मानवी जंतूचें नांव ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस. पॅरिस येथील डॉक्टर आल्फ्रेद दोने यांनीं १८३६ सालीं तो प्रथम सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. तो एकपेशीय प्राणी आहे. मोठेपणा रक्तांतील पांढऱ्या पेशीइतका, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहून थोडा अधिक. त्याच्या एका टोकास केंसासारखे चार धागे असतात व एक पांचवा धागा अंगालगत मागें वळून पडद्यासारखा हालतो. ग्रीक भाषेंत केंसास जो शब्द आहे त्यावरूनच त्याला ट्रायकोमोनास म्हणतात. एकाचे दोन, दोनाचे चार असा तो वाढतो. पुष्कळ परजीवी जंतु कठीण कवच धारण करून मातींत-पाण्यांत तग धरतात. याला तें कवच नाहीं. कोरड्या हवेंत तो लौकर मरतो. म्हणून त्याचा प्रसार जवळजवळ सर्वस्वीं स्त्रीपुरुषांच्या समागमानेंच होतो.

येथें आपल्या झाडीपट्टींतील एक समजूत दूर केली पाहिजे. रोवणीच्या दिवसांत बायका सकाळपासून सांजेपर्यंत बांधींत गुडघाभर चिखलांत वांकून उभ्या असतात. त्या दिवसांत कोणाला धुपणीचा, म्हणजे अंगावरून पांढरें जाण्याचा त्रास वाढला तर तो चिखलाचा किंवा गार पाण्याचा प्रताप असें सर्रास बोललें जातें. ओल्या वस्त्रांनीं कातडीस खाज सुटते हें खरें, पण ट्रायकोमोनास बांधीच्या पाण्यांतून येत नाहीं. चिखलास दोष दिला कीं धन्याची सुटका होते, म्हणून ही समजूत इतकी टिकली असावी, असें मला वाटतें.

जंतु अंगांत शिरल्यापासून साधारणतः पांच ते अठ्ठावीस दिवसांत लक्षणें दिसतात. कित्येकदां फार उशीरां दिसतात, आणि बहुसंख्य माणसांत, स्त्रीपुरुष दोघे धरून, दिसतच नाहींत. स्त्रीस दिसलीं तर तीं अशीं: पिवळसर किंवा हिरवट, कधीं फेंसाळ स्राव, त्याला वाईट वास, योनिमार्गाला खाज व आग, लघवी करतांना जळजळ, समागमाच्या वेळीं दुखणें. पुरुषास झालीच तर लघवीच्या वाटेंत किंचित् आग किंवा थोडा स्राव, आणि तीहि पुष्कळदां दोन दिवसांत निवते. उन्हांत फिरल्यानें ऊन लागलें, असें म्हणून तो ताक पिऊन मोकळा होतो. जंतु मात्र त्याच्या मूत्रमार्गांत राहतो.

उपेक्षा केल्यास परिणाम काय होतात? योनिमार्गाचा दाह चालू राहिल्यानें तेथील त्वचेचें संरक्षण दुबळें होतें, आणि अशा स्त्रीस एड्सच्या विषाणूची लागण होण्याचा संभव सुमारें दीडपट होतो. गरोदर स्त्रीच्या अंगीं हा जंतु असला तर पाणमोट वेळेपूर्वीं फुटणें, दिवस पुरे होण्याआधीं बाळंतपण होणें, मूल वजनानें कमी भरणें हे प्रकार अधिक आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० या एका सालांत पंधरा ते एकूणपन्नास वयाच्या लोकांत या रोगाच्या सुमारें पंधरा कोटी साठ लक्ष नव्या लागणी झाल्या. औषधानें पूर्ण बरे होणारे जे संसर्गजन्य गुप्तरोग आहेत, त्यांत याचा क्रम वरचा आहे.

पण दूरच्या आंकड्यांनीं आपणांस काय समजणार? वैनगंगेच्या पलीकडचें उदाहरण घ्यावें. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांतून वेगळा झाला. तेथें डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग हें दांपत्य १९८६ च्या सुमारास येऊन राहिलें. त्यांनीं वासा व अमिर्झा या दोन गांवांतील ६५० स्त्रियांची, रोगी-निरोगी असा भेद न करतां, तपासणी केली. दवाखान्यांत आलेल्या रोग्यांची मोजदाद पूर्वीं पुष्कळ झाली होती; घरांत बसलेल्या बायकांची अशी मोजदाद कोणीं केली नव्हती. तिचा अहवाल जानेवारी १९८९ मध्यें लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. शेंकडा ९२ स्त्रियांस एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले. सरासरीनें एका स्त्रीमागें ३.६ रोग पडले. ट्रायकोमोनासचा दाह शेंकडा १४ स्त्रियांत होता. इतर जंतूंचा व बुरशीचा दाह त्याहूनहि अधिक. आणि यापूर्वीं ज्यांची अशी तपासणी व उपचार झाला होता अशा स्त्रिया किती? शेंकडा आठ.

मी आयुष्यभर तक्ते भरण्याचें काम केलें. पीकपाहणींत शंभर शेतांपैकीं ब्याण्णव शेतांवर कीड लिहावी लागली असती तर वरपासून खालपर्यंत तारा सुटल्या असत्या. येथें तर जवळजवळ निम्म्या स्त्रिया आपणांस कांहीं त्रास नाहीं असेंच सांगत होत्या. ज्यांस त्रास होता, त्यांनींहि तो स्त्रीजन्माचा भाग म्हणून अंगावर काढला होता. आपल्या ब्रह्मपुरीकडे व पलीकडच्या आरमोरी-वडशाकडे बोली एक, पीक एक, सोयरीक एक. मधें फक्त नदी आहे. ती तपासणी आपल्या गांवीं झाली असती तर आंकडा फारसा वेगळा निघाला असता असें मला वाटत नाहीं. हा मजुरांचा रोग आहे, आपल्या घरांत तो कसा येईल, असें म्हणणारे जमीनदार मला भेटतात. सातबारावर किती एकर लिहिलें आहे हें या जंतूस वाचतां येत नाहीं.

आतां माझ्या घरचें सांगतों. पत्नीची अनुमति घेऊनच लिहीत आहें. लग्नानंतर तिसऱ्या वर्षीं तिला हा त्रास सुरू झाला. तिनें सहा महिने कोणास सांगितलें नाहीं. मग माझ्या आईस सांगितलें, आणि आईनें तांदळाचें धुवण प्यावयास दिलें. तें वर्षभर चाललें. शेवटीं डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं तपासून दोन पुड्या दिल्या, एक तिची व एक माझी, आणि दोघांनीं बरोबरच घ्यावयाच्या असें बजावलें. मला तो शब्द अपमानासारखा लागला. मला कांहीं होत नव्हतें. मी रोज सायकलीनें कचेरींत जात होतों, जेवत होतों. मला गुप्तरोगाचें औषध! माझी पुडी मीं कचेरीच्या मेजाच्या खणांत जुन्या फेरफारांच्या नकलांखालीं ठेविली आणि घरीं घेतल्याचें सांगितलें.

पत्नीस दोन महिने बरें वाटलें. मग पुन्हां तेंच. पुन्हां तिनें औषध घेतलें, पुन्हां बरें, पुन्हां तेंच. घरांत बोललें जाऊं लागलें कीं हिची प्रकृतिच तशी, औषध हिला लागूं होत नाहीं. तीहि तसेंच मानूं लागली. त्या अवधींत तिला दिवस राहिले, आणि आठव्या महिन्यांतच बाळंतपण झालें. मुलगी होती. ती अडीच दिवस जगली. त्याचें कारण हाच जंतु असें मी म्हणूं शकत नाहीं. डॉक्टरांनींहि तसें सांगितलें नाहीं. वेळेपूर्वीं बाळंतपण होण्यास दहा कारणें असतात. परंतु त्या दहांपैकीं एक माझ्या खणांत पडून होतें.

पुढें एका डॉक्टरीणबाईंनीं पत्नीस आंत न घेतां आधीं मला बोलाविलें. तुम्हीं औषध घेतलें होतें काय, असें त्यांनीं विचारलें. मीं होय म्हटलें. त्यांनीं कांहीं न बोलतां पेल्यांत पाणी ओतलें, गोळ्या माझ्या हातावर ठेविल्या आणि मी गिळेपर्यंत उभ्या राहिल्या. पत्नीचा त्रास त्यानंतर परत आला नाहीं. पुढें आठेक वर्षांनीं सांडाचा तो थेंब मीं पाहिला तेव्हां आखरावर उभ्या असलेल्या लोकांस वाटलें, मी कुतूहलानें इतका वेळ डोळा लावून आहें.

औषधाविषयीं थोडें. मातींत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूंपासून अझोमायसिन नांवाचें द्रव्य मिळालें; त्याच्या घडणीच्या धोरणानें फ्रान्समधील रसायनज्ञांनीं मेट्रोनिडाझोल तयार केलें, आणि १९६० च्या सुमारास तें वापरांत आलें. त्यापूर्वीं या रोगावर पोटांतून देण्याजोगें भरंवशाचें औषध नव्हतें. अजूनहि तेंच व त्याच्या कुळांतील टिनिडाझोल, सेक्निडाझोल हीं औषधें चालतात. स्त्रीस बहुधा सात दिवसांचा क्रम देतात, पुरुषास बहुधा एकाच वेळचा. प्रमाण डॉक्टरांनीं ठरवावें. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीनें तर त्यांच्या सल्ल्यावांचून एक गोळीहि घेऊं नये. औषध स्वस्त आहे. दोघांचें औषध पुरें होऊन त्रास थांबेपर्यंत, निदान आठवडाभर, समागम वर्ज्य करावा. एकानें घेऊन दुसऱ्यानें न घेणें म्हणजे वरच्या बांधींतलें पाणी खालीं येत असतां खालची बांधी उपसत बसणें होय. निरोधाचा वापर केल्यानें लागणीचा संभव पुष्कळ कमी होतो. आंत औषधी पाण्यानें किंवा तुरटीच्या पाण्यानें धुण्याची जी चाल आहे ती सोडावी. तिनें रोग जात नाहीं आणि योनिमार्गाचें स्वाभाविक आम्ल संरक्षण मात्र जातें.

निदानाची एक अडचण आहे. जंतु जिवंत असून हालत असला तरच सूक्ष्मदर्शकाखालीं ओळखूं येतो, आणि नमुना ठेवून दिला तर त्याची हालचाल मंदावते. म्हणून जेथें घेतला तेथेंच तो ताबडतोब पाहिला पाहिजे. तरीहि पुष्कळ लागणी नजरेंतून सुटतात. जंतूचें बीजद्रव्य ओळखणारी नवी परीक्षा अधिक खात्रीची आहे, पण ती सर्वत्र मिळत नाहीं. याकरितां सरकारी दवाखान्यांत लक्षणांवरूनच औषध देण्याची पद्धति ठेविलेली आहे. जिल्हा रुग्णालयांत या रोगांसाठीं जो स्वतंत्र कक्ष असतो त्यास सुरक्षा क्लिनिक म्हणतात. तेथें नवराबायकोंनीं मिळून गेलें तर दोघांची चिठ्ठी एकदमच होते.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण तिच्यावरून घरें मोडतात. पत्नीस हा जंतु निघाला म्हणजे कांहीं पुरुष तिच्या चारित्र्यावर जातात. कोठें कोठें उलट पतीवरहि आळ येतो. हा जंतु लक्षणांवांचून कित्येक महिने, कधीं वर्षेंहि अंगांत राहूं शकतो. तपासणींत तो सांपडला एवढ्यावरून तो कोणीं आणिला व केव्हां आणिला हें कोणताहि डॉक्टर सांगूं शकत नाहीं. तो लग्नापूर्वींचा असूं शकतो, आणि दोघांपैकीं कोणाचाहि असूं शकतो. महसुली वादांत ज्याचा पुरावा नाहीं त्याची नोंद आम्ही घेत नसूं. घरांतहि तीच रीत ठेवावी.

धुपणीच्या सर्वच तक्रारी या जंतूच्या नसतात. इतर जंतूंची, बुरशीची असते. स्त्रीच्या अंगीं थोडा पांढरा स्राव तर स्वाभाविकच असतो. समागमानंतर रक्त जाणें, पाळी बंद झाल्यावर पुन्हां रक्त दिसणें, ओटीपोटांत सतत दुखणें, ही लक्षणें निराळीं होत. तेथें गोळ्यांवर भागवूं नये, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करवून घ्यावी. पण याच्या उलट टोंकाचा अनर्थहि आपल्या राज्यांत घडलेला आहे. बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड करणाऱ्या स्त्रियांची २०१९ सालीं सरकारी समितीनें चौकशी करविली, तेव्हां ब्याऐंशी हजारांवर स्त्रियांपैकीं तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. पांढरें जाणें, पोट दुखणें अशा तक्रारी घेऊन गेलेल्या किती तरी तरुण बायकांस पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला होता, आणि कामाचा खाडा व मुकादमाचा दंड टाळण्यासाठीं त्यांनीं तो मानला. ज्या तक्रारीस पुष्कळ वेळां आठवड्याच्या गोळ्या पुरतात, तिच्यासाठीं कर्ज काढून पोट फाडणें झालें. कोणीं आपणांस असा सल्ला दिला तर सरकारी रुग्णालयांतील दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतल्यावांचून शस्त्रक्रियेस रुकार देऊं नये.

दवाखान्यांत जाण्याची वेळ हाहि आपल्याकडे मोठा प्रश्न होऊन बसतो. रोवणी लागली कीं कोणतीहि बाई घरांतून निघत नाहीं, आणि धान चुरून होईपर्यंत तर विषयच नको. माझा अनुभव असा कीं पऱ्हे टाकल्यापासून ते उपटण्याजोगे होईपर्यंत तीन-चार आठवडे हातांत असतात. सात दिवसांचें औषध व पुढील पथ्य त्यांत सहज बसतें, आणि रोवणीच्या चिखलांत उभें राहण्यापूर्वीं आग-खाज थांबलेली असते. औषधानंतर तीन महिन्यांनीं स्त्रीनें पुन्हां एकदां तपासून घ्यावें असें डॉक्टर सांगतात, कारण पुन्हां लागण होण्याचें प्रमाण बरेंच आहे. ती तपासणी भाद्रपदाच्या सुमारास येते. त्या वेळीं धान निसवूं लागलेलें असतें आणि शेतावर पाणी पाहण्यापलीकडे काम नसतें.